हिरोशिमात जेवायला थांबा

‘अगो, इतक्या लांब जावन काय मरणच बघतलंस?’

हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकींचा. लेकीकडे जपानला जायचं नक्की झालं, तिकीट हातात आलं आणि आमच्या मालवणच्या गल्लीत बातमी पसरली. जी ती विचारायची, ‘तोक्यो का गं? की क्योतो?’ मी हिरोशिमा म्हटलं की समोरचीचा चेहरा पडायचा. आपल्याला हे नाव माहीत आहे ते शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून. अळंबीसारख्या ढगाचा काळा-पांढरा फोटो, खाली दोन ओळी, आणि परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न. तिथे आज माणसं राहतात, बाजारात जातात, भाजी महागली म्हणून कुरकुरतात, हे काही आपल्या डोक्यात येत नाही. माझ्याही नव्हतं. खरं सांगते मैत्रिणींनो, मी लेकीला फोनवर आधीच बजावून ठेवलं होतं, ‘मला ते म्युझियम-बिझियम दाखवू नकोस हं. चार दिवस सुखानं फिरू.’ तिनं नुसतं ‘बरं’ म्हटलं. तिच्या ‘बरं’चा अर्थ मला ठाऊक आहे, पण तेव्हा मी तो सोडून दिला.

लेक हिरोशिमा विद्यापीठात पीएच.डी. करते. विद्यापीठ मुख्य शहरात नाही, शेजारच्या हिगाशी-हिरोशिमात आहे. तिथलं साइजो हे गाव तांदळाच्या दारूसाठी प्रसिद्ध. पांढऱ्या भिंतींच्या जुन्या भट्ट्या आणि त्यांची लाल विटांची धुराडी तिच्या स्टेशनाजवळच दिसतात. तिथून लोकलनं पाऊणएक तासात हिरोशिमा स्टेशन. मी गेले ती २०२४ च्या नोव्हेंबरात. थंडी आपल्या महाबळेश्वरसारखी, एका स्वेटरात भागणारी. आणि सगळीकडे पानं लाल झालेली.

आधी शहराची थोडी ओळख. हिरोशिमा म्हणजे ‘रुंद बेट’. ओता नदी समुद्राला मिळण्याआधी फुटते आणि तिच्या सहा फाट्यांच्या मधल्या सपाट जमिनीवर हे गाव वसलंय. मोरी तेरुमोतो या सरदारानं १५८९ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, तिथून शहराची सुरुवात. आज वस्ती बारा लाखांच्या आसपास. दर दहा मिनिटांनी एक पूल लागतो, पुलाखाली भरती-ओहोटीचं पाणी. आमच्या खाडीची आठवण व्हावी असं.

आणि ट्राम! मुंबईची ट्राम बंद झाली १९६४ मध्ये, आमच्या आधीच्या पिढीच्या गोष्टींतच ती राहिली. इथे १९१२ पासून ती चालतेच आहे. क्योतो, ओसाका, कोबे या शहरांनी मोडीत काढलेल्या गाड्याही हिरोशिमानं विकत घेऊन चालवल्या. आम्ही स्टेशनसमोरच्या थांब्यावरून ट्राम धरली. (२०२५ च्या ऑगस्टपासून ती थेट स्टेशनच्या नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर शिरते म्हणे. लेकीनं फोटो पाठवला.) ट्राम डुलत निघाली आणि लेक म्हणाली, ‘आई, युद्धात ही ट्राम मुली चालवायच्या.’

झालं असं की पुरुष सगळे सैन्यात गेले. मग ट्राम कंपनीनं १९४३ मध्ये मुलींची एक शाळाच काढली. चौदा ते सतरा वर्षांच्या, बहुतेक खेड्यापाड्यांतल्या पोरी. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस कंडक्टर नाहीतर ड्रायव्हर. शिकायला मिळतं आणि पगारही मिळतो म्हणून आलेल्या. ६ ऑगस्ट १९४५ ला त्यातल्या तीसएक गेल्या. आणि तीनच दिवसांत, ९ ऑगस्टला, जळक्या शहरातून थोड्या अंतरावर का होईना, ट्राम परत सुरू झाली. वाचलेल्या पोरीच पुन्हा कामावर आल्या. पुढे पुरुष परतल्यावर शाळा बंद झाली आणि मुली आपापल्या गावी गेल्या. त्या वेळच्या ६५१ आणि ६५२ नंबरच्या गाड्या मी गेले त्या वर्षीही गर्दीच्या वेळी काढत होते. आम्हाला मात्र त्या दिसल्या नाहीत.

पहिला दिवस मी म्हटलं तसा सुखाचा. मियाजिमा बेट.

ट्रामनं मियाजिमागुचीपर्यंत, तिथून दहा मिनिटांची बोट. समोर समुद्रात उभी असलेली ती शेंदरी कमान, तिला ‘तोरी’ म्हणतात, तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिली असेल. समोर पाण्यात सिंधुदुर्ग बघत मोठी झालेली मी, मला वाटलं त्यात काय एवढं. पण बोट जवळ गेली आणि बोलणं बंद झालं. सुमारे साडेसोळा मीटर उंच, कापराच्या झाडाचे अख्खे बुंधे खांबांना. आणि हे खांब जमिनीत पुरलेले नाहीत! नुसत्या वजनावर ती कमान चिखलात उभी आहे. आताची कमान १८७५ ची. मागचं इत्सुकुशिमा देवस्थान पार सहाव्या शतकातलं मानतात, आणि आजचं रूप दिलं ते ताइरा नो कियोमोरी या सरदारानं, ११६८ मध्ये. भरतीला सगळं देऊळ पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं, ओहोटीला कमानीपर्यंत चालत जाता येतं. म्हणून जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. आपल्याकडे मासेमारीला जाणारे बघतात तशी. आम्ही ओहोटीला पोचलो, संध्याकाळपर्यंत थांबून भरतीही पाहिली. मधल्या वेळात एका हरणानं माझ्या पिशवीतला चिवड्याचा पुडा ओढायचा प्रयत्न केला. इथली हरणं बाजारात मोकाट फिरतात, आपल्याकडच्या गायींसारखी.

बाजारातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू मात्र कमान नाही, भातवाढी! लाकडी, चपटी, गोल तोंडाची. तिला ‘शामोजी’ म्हणतात आणि ती मियाजिमाची खासियत. बाजारपेठेत एक राक्षसी भातवाढी मांडून ठेवली आहे, ७.७ मीटर लांब आणि अडीच टन वजनाची. मी म्हटलं, ‘हिच्यानं भात वाढायचा कोणाला, कुंभकर्णाला?’ पण तिची गोष्ट ऐकली आणि गप्प बसले. फार पूर्वी इथल्या एका भिक्षूला बेन्झायतेन देवीच्या हातातल्या वाद्यावरून हा आकार सुचला. ते वाद्य म्हणजे बिवा, आपल्या वीणेच्या जातीचं. आणि ही बेन्झायतेन देवी कोण? आपली सरस्वती! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली आणि तिथलीच झाली. देवस्थानाला लागून असलेल्या दाइगान्जी देवळात ती आहे. म्हणजे सरस्वतीच्या वीणेवरून भातवाढी. विद्या आणि स्वयंपाक असा एका लाकडात आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. चार घेतल्या. एक काकींसाठी.

आता खाणं. मालवणची बाई समुद्राकाठी गेली आणि मासे खाल्ले नाहीत असं होईल का? हिरोशिमाच्या खाडीत जिकडेतिकडे बांबूचे तराफे दिसतात. त्यांच्याखाली तारांना शिंपले ओवून सोडलेले असतात आणि त्या शिंपल्यांवर कालवं वाढतात. जपानातली निम्म्याहून जास्त कालवं एकट्या या प्रांतातून येतात. आमच्याकडे कालवं म्हणजे खडकावर बसून कोयतीनं टोचून काढायची, हात सोलवटून निघायचे. बोटभर कालवासाठी तासभर वाकायचं. इथलं एकेक कालव माझ्या तळहाताएवढं! रस्त्याकडेला जाळीवर शिंपल्यासकट भाजतात, वर लिंबू पिळतात. (लिंबंही इथलीच. लिंबाच्या पिकात हा प्रांत जपानात पहिला.) गरम, खारट, रसाळ. तिरफळ-खोबरं नसतानाही कालव इतकं चांगलं लागतं हे मान्य करायला मला दोन शिंपले लागले.

आणि गंमत ऐका. कालवाला जपानीत काय म्हणतात? ‘काकी’! दुकानादुकानांवर पाट्या, भाजलेली काकी, तळलेली काकी, काकी घातलेला भात. लेक एकेक वाचून दाखवत होती आणि मी हसून हसून बेजार. तो फोटो आमच्या काकींना पाठवला. उत्तर आलं नाही.

हे लिहिताना एक सांगायला हवं. २०२५ च्या शरद ऋतूत याच भागातली कालवं मोठ्या प्रमाणावर मेली. समुद्राचं पाणी फार तापल्याचं कारण सांगितलं गेलं. बातमी वाचली तेव्हा त्या जाळीजवळ उभ्या असलेल्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. समुद्रावर पोट असणाऱ्यांचं सगळीकडे सारखंच.

मियाजिमाचा आणखी एक पदार्थ म्हणजे ‘अनागोमेशी’. आपल्या वामीच्या जातीचा लांबट मासा गोडसर रसात भाजून, भातावर आडवा मांडून देतात. मला तो गोडवा जरा जास्त झाला. पण ‘मोमिजी मान्जू’ आपल्या बायकांना आवडेलच. मेपलच्या पानाच्या आकाराचा मऊ केक आणि आत अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड पुरण. अगदी पुरणच! जायफळ तेवढं नाही.

शाकाहारी मैत्रिणींसाठी सांगते, जपानात भाजीच्या वाटीतसुद्धा ‘दाशी’ असतो, म्हणजे बहुधा सुक्या माशाचं पाणी. त्यामुळे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘मासाही नको, दाशीही नको’ असं कागदावर जपानीत लिहून घ्या आणि तो कागद दाखवा. छोट्या दुकानांत भाताचे त्रिकोणी मुटके मिळतात. त्यातला खारवलेल्या आंबट फळाचा, ‘उमे’चा, मुटका बहुतेक ठिकाणी चालतो, तरी पाकिटावरचं वाचून घ्या. शिवाय मेथकूट सोबत ठेवा. मी ठेवलं होतं आणि ते लेकीच्या जपानी मैत्रिणीनंच संपवलं.

दुसऱ्या दिवशी शहर.

किल्ल्यापासून सुरुवात केली. खंदक, दगडी पाया, वर काळ्या लाकडी फळ्यांचा मनोरा. पण तो आहे १९५८ चा, सिमेंटचा. जुना १९४५ मध्ये गेला. किल्ल्याच्या आवारात एक निलगिरीचं झाड आहे, त्याच्यावर छोटी पाटी. बॉम्ब पडला तिथून साधारण पाऊण किलोमीटरवर हे झाड होतं, जळलं आणि पुन्हा फुटलं. अशी दीडशेच्या वर झाडं शहरात पाट्या लावून जपली आहेत. तिथेच जमिनीत अर्धवट पुरलेलं एक लष्करी तळघर आहे. शाळकरी मुलींना तिथे टेलिफोनवर बसवलेलं होतं. शहर नष्ट झाल्याची पहिली खबर बाहेर दिली ती त्यांतल्याच एका मुलीनं.

मग शुक्केइएन बाग, १६२० सालची. मोठा निसर्ग छोटा करून मांडलेला, हे तिच्या नावातच आहे. तळं, टेकडी, कमानीचा पूल. छान आहे. पण तोवर माझं लक्ष उडालं होतं. लेक मुद्दाम पायी घेऊन चाललीय आणि कुठे चाललीय, हे कळत होतं.

नदीकाठाला वळलो आणि तो घुमट दिसला. नुसता लोखंडी सांगाडा आणि खाली विटांच्या भिंती. यान लेत्झेल नावाच्या चेक वास्तुशिल्पीनं १९१५ मध्ये बांधलेलं ते प्रांताचं प्रदर्शन-भवन होतं. बॉम्ब जवळजवळ डोक्यावरच, सहाशे मीटर उंचीवर फुटला, म्हणून भिंती उभ्या राहिल्या, आतलं कोणी राहिलं नाही. १९९६ पासून ती वास्तू जागतिक वारसा आहे. पलीकडे शांती उद्यान. आज हिरवळ आहे तिथे पूर्वी नाकाजिमा नावाची गजबजलेली पेठ होती, दुकानं, देवळं, घरं. १९४५ संपेपर्यंत शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली.

उद्यानात ती ज्योत आहे, १९६४ पासून जळणारी. अण्वस्त्रं संपतील तेव्हाच विझवायची, असं ठरलंय. मियाजिमाच्या डोंगरावर एका देवळात कित्येक शतकं राखलेला विस्तव आहे, ही ज्योत पेटवताना तोही आणला होता. जवळच्या स्मारकशिलेवर एक वाक्य कोरलंय. निवांत झोपा, चूक पुन्हा व्हायची नाही, अशा अर्थाचं. लेक म्हणाली, ‘जपानीत त्या वाक्याला कर्ताच नाही. चूक कोणाची ते लिहिलेलं नाही. त्यावरून पुष्कळ वाद झाले.’ मराठीतही असं बोलता येतंच की. घरात भांडण मिटवताना आपण बायका ‘झालं ते झालं, आता व्हायचं नाही’ म्हणतो, तेव्हा कोणी केलं ते कुठे म्हणतो?

मुलांच्या स्मारकाशी रंगीत कागदी बगळ्यांच्या माळा लटकत होत्या. सादाको सासाकी ही बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, खरचटलंही नव्हतं. पुढे रक्ताचा कर्करोग झाला. हजार बगळे दुमडले की इच्छा पुरी होते, म्हणून ती इस्पितळात औषधांच्या कागदांचे बगळे करत राहिली. १९५५ च्या ऑक्टोबरात, बाराव्या वर्षी, गेली. स्मारक तिच्या वर्गमित्रांनी पैसे जमवून उभं केलं, १९५८ मध्ये. उद्यानाजवळ नदीकाठी गांधीजींचा एक अर्धपुतळाही आहे. २०२३ च्या मे महिन्यात बसवलेला. घडवला कोणी? आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं मला.

‘आई, आता आत जाऊ या?’ लेकीनं विचारलं. तिकीट दोनशे येन, आपले शंभर-सव्वाशे रुपये. मी नको म्हणणार होते. म्हटलं नाही.

आत अंधार, आणि काचांमागे माणसांच्या वस्तू. फाटलेले युनिफॉर्म, चष्मे, चपला, एक तीनचाकी सायकल. प्रत्येक वस्तूखाली नाव आणि वय. वय बहुतेक बारा-तेरा, कारण त्या सकाळी हजारो शाळकरी मुलांना घरं पाडून मोकळ्या वाटा करायच्या कामाला लावलेलं होतं. आणि मग एका काचेमागे डबा. अल्युमिनियमचा, चेपलेला, आतलं अन्न कोळसा झालेलं. शिगेरू ओरिमेन या मुलाचा. त्याच्या आईनं नव्यानं लागवडीला आणलेल्या जमिनीच्या पिकातून तो डबा भरला होता. भातात जव आणि सोयाबीन घातलेलं. पोरगं खुशीत घरून निघालं, आज डबा चांगला आहे म्हणून. आईला तो सापडला तेव्हा डबा पोटाशी होता. तिनं मुलाला डब्यावरून ओळखलं.

मी तिथून हलूच शकले नाही.

आता ते कारण सांगते. २०२१ च्या एप्रिलात माझे यजमान करोनात गेले. इस्पितळात आत सोडत नव्हते. मी रोज डबा करून गेटवर द्यायचे, रिकामा परत यायचा, त्यावरून समजायचं की जेवले. शेवटचा डबा आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यांच्या चष्म्याबरोबर. भरलेला. मी तो घासला आणि माळ्यावर टाकला, पुन्हा काढला नाही. लेक तेव्हा इथे, जपानात. विमानं धड नाहीत, आली तर परत शिरता येईल याची खात्री नाही. बाबांना तिनं शेवटचं पाहिलं ते फोनवर, तेही नेट मधेमधे जात होतं. त्यानंतर साडेतीन वर्षांत आम्ही रोज बोललो. हवापाणी, अभ्यास, भाजी काय केलीस. त्या दिवसाबद्दल दोघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

काचेसमोर उभं राहून लेक हळूच म्हणाली, ‘आई, बाबांच्या त्या डब्यात काय होतं?’

‘पेज,’ मी म्हटलं. ‘आणि मेथी.’

‘मेथी? बाबांना मेथी कुठे आवडायची?’

‘अगं डॉक्टर म्हणाले हलकं द्या. घरात दुसरं काही नव्हतं. लॉकडाऊन होता.’

‘म्हणून परत पाठवला असेल त्यांनी,’ ती म्हणाली. आणि आम्हा दोघींना हसू आलं. त्या जागी! मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. एक म्हातारी जपानी बाई जवळून गेली, ती न बोलता माझ्या हातात छोटा रुमाल ठेवून पुढे गेली. तो परत द्यायचा राहिला.

बाहेर आलो तर संध्याकाळ. बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांचं सरासरी वय आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलंय. त्यांच्या संघटनेला, निहोन हिदानक्योला, मी पोचण्याच्या महिनाभर आधीच २०२४ चं शांततेचं नोबेल जाहीर झालं होतं. त्यांच्या आठवणी शिकून घेऊन सांगणारी नवी माणसंही शहर तयार करतं. लेक हे सगळं सांगत होती, पण मला आठवतं ते इतकंच की भूक लागली होती. सपाटून.

तिनं मला एका गल्लीत नेलं. जेमतेम आठ माणसं बसतील एवढं दुकान, समोर लांब लोखंडी तवा, तव्यापलीकडे सत्तरीची मालकीण. पदार्थ एकच, ‘ओकोनोमियाकी’. ओकोनोमी म्हणजे आवडेल ते, याकी म्हणजे भाजलेलं. ओसाकात सगळं कालवून थालीपिठासारखं लावतात, हिरोशिमात थरावर थर. आधी तव्यावर आंबोळीपेक्षा पातळ धिरडं. त्यावर सुक्या माशाची पूड. मग कोबी, इतका की मला वाटलं चुकून पडला! त्यावर मोड, तळलेले पिठाचे कण, डुकराच्या मांसाचे पातळ काप (नको म्हटलं तर घालत नाहीत, मी नको म्हटलं). वरून थोडं पीठ शिंपडून दोन उलथन्यांनी एका झटक्यात पालथं. कोबी वाफेवर बसत जातो, तोवर बाजूला शेवया परततात. ते सगळं शेवयांवर, मग फोडलेल्या अंड्यावर. शेवटी दाट, आंबटगोड सॉस. ताटली नाहीच. तव्यावरूनच, छोट्या उलथन्यानं कापत खायचं. चटका बसतो. बसू दे.

मालकीणबाई बोलक्या होत्या, लेक भाषांतर करत होती. युद्धाआधी इथे पोरांसाठी एक स्वस्त खाऊ मिळायचा, पिठाच्या धिरड्यावर थोडी पात टाकून. युद्धानंतर तांदूळ नव्हता, पण अमेरिकेकडून मदतीचा गहू येत होता. पात महाग, म्हणून कोबी. पोट भरावं म्हणून पुढे शेवया. कुठून तरी लोखंडी पत्रा मिळवायचा, तोच तवा. नवरे गेलेल्या कितीतरी बायकांनी घराच्या पुढच्या पडवीतच तवा मांडला, म्हणजे पोरांवर लक्षही राहतं. इथल्या जुन्या दुकानांच्या नावांत ‘चान’ फार, आपण लाडानं ‘बाय’ म्हणतो ना, तसं. बायकांनी आपलीच लाडाची नावं दुकानाला दिली. असंही सांगतात की हरवलेलं घरचं कोणी परत आलं तर पाटी वाचून ओळखेल म्हणून. हे दुकान मालकीणबाईंच्या सासूनं काढलेलं. नावातलं ‘चान’ कोणाचं, म्हणून मी विचारलं. त्या उलथनं हलवत म्हणाल्या, सासूबाईंचं. आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

लेकीनं आपला अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. लहानपणी हिचा शाळेचा डबा अर्धा परत यायचा आणि मी ओरडायचे. त्या रात्री तवा पुसून घ्यावा इतका स्वच्छ केला दोघींनी.

पुष्कळ पर्यटक सकाळी बुलेट ट्रेननं येतात, घुमट आणि म्युझियम बघतात आणि संध्याकाळच्या आत ओसाकाला परत जातात. काही उलटे, मियाजिमाला फोटो काढून शहराकडे फिरकतही नाहीत. तुम्ही गेलात, नाहीतर मुलं-सुना कोणी जाणार असतील तर सांगा त्यांना, दोन रात्री तरी राहा आणि म्युझियम पाहिल्यावर इथेच जेवायला थांबा. एकाच इमारतीत वीसेक तवे असलेलं ‘ओकोनोमिमुरा’ आहे, ते सापडायला सोपं. पण गल्लीतलं दुकान मिळालं तर तिथे जा.

परत आल्यावर महिन्याभरानं मी बिडाच्या तव्यावर तो प्रकार करून पाहिला. सुक्या माशाच्या पुडीऐवजी भाजून कुटलेला जवळा, शेवयांच्या जागी बाजारातले नूडल्स, सॉसला चिंच, गूळ आणि टोमॅटो. पालथं करताना पहिलं मोडलं. काकी ओट्याशी उभं राहून बघत होत्या. ‘ह्यां तर कोबीचा धिरडां,’ म्हणाल्या आणि दोन खाल्ली. त्यांच्या सुनेसाठी दोन डब्यात घालून दिली. डबा माळ्यावरचाच काढला होता. दुसऱ्या दिवशी काकी तो घासून परत घेऊन आल्या, आणि दारातूनच म्हणाल्या की गव्हाच्या पिठात मूठभर तांदळाचं पीठ घालून बघ, कडा कुरकुरीत होतील.